दमवलं म्हणून मूल झोपत नाही
महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय काढला आणि पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं सांगितलं. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी लहान मुलांची झोप पुरी होत नाही, याकडे लक्ष वेधलं होतं. निर्णय झोप वाढावी म्हणून होता. पालकांच्या गप्पांत मात्र त्यातून भलताच हिशेब ऐकू येतो: “आता शाळा नऊची, मग अकराला झोपला तरी काय बिघडलं?”

या हिशेबाच्या मुळाशी एक जुना, घट्ट रुजलेला समज आहे. मूल दमलं की आपोआप झोपतं. म्हणून दुपारी झोपू द्यायचं नाही, संध्याकाळी बागेत पळवायचं, रात्री हवं तितकं खेळू द्यायचं. मग पाठ टेकल्या टेकल्या डोळा लागेल. शेजारच्या काकू हे सांगतात, पाळणाघराच्या दारात हेच कानावर पडतं, पालकांच्या व्हॉट्सअॅप गटातही हाच सल्ला फिरतो. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या झोपेची जितकी आबाळ या सल्ल्याने होते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल.

झोप केवळ थकव्यावर येत नाही. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेलं आणि आजही झोपेच्या अभ्यासाचा पाया मानलं जाणारं प्रारूप सांगतं, की झोप दोन गोष्टींच्या मेळाने येते. पहिली म्हणजे जागेपणी तासागणिक साठत जाणारी झोपेची गरज. दुसरी म्हणजे मेंदूतलं जैविक घड्याळ. हे घड्याळ नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी काही काळ उलट शरीराला तरतरीत ठेवतं. मग मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक वाढू लागतं आणि झोपेची वेळ होते. आज साडेआठ, उद्या साडेदहा, शनिवारी बारा असं चालू राहिलं, तर या घड्याळाने कशाचा धरबंध ठेवायचा?

त्यात दमलेलं मूल दमलेल्या मोठ्या माणसासारखं दिसतच नाही. ऑफिसातून आलेले बाबा सोफ्यावर पेंगतात. चार वर्षांची मुलगी त्याच थकव्यात गादीवर उड्या मारते, भावाला चावते, पोळी तुटली म्हणून अर्धा तास रडते. घरातले म्हणतात, “बघा, अजून दमली नाहीये,” आणि तिला आणखी तासभर खेळू देतात. चूक नेमकी इथे होते. ती मुलगी दमून केव्हाच पलीकडे गेलेली असते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये अडीच ते तीन वर्षांच्या मुलांची दुपारची एकच झोप चुकवून पाहिली. सुटणारं कोडं सुटल्यावर होणारा आनंद ३४ टक्क्यांनी घटला, न सुटणाऱ्या कोड्यावरची चिडचिड ३१ टक्क्यांनी वाढली. मुलं दहाच होती, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ मानू नयेत; पण ज्याच्या घरी या वयाचं मूल आहे त्याला हा निकाल ओळखीचा वाटेल.

दुपारच्या झोपेबद्दल मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी. दोन वर्षांनंतर दुपारी झोपणाऱ्या मुलांना रात्री झोप उशिरा लागते, असं २०१५ चा एक आढावा सांगतो. म्हणजे शेजारच्या काकूंचं निरीक्षण खोटं नाही, पण त्यावरचा उपाय चुकतो. २०१३ मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांना सकाळी शिकवलेलं दुपारच्या झोपेनंतर जास्त आठवलं, आणि ती झोप चुकली तर रात्रीच्या झोपेने तो तोटा भरून निघाला नाही. तेव्हा पेंगणाऱ्या मुलाला हलवून जागं ठेवण्यापेक्षा लवकर झोपवावं आणि तीन-साडेतीनपर्यंत उठवावं. पाच वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलं दुपारची झोप स्वतःच सोडतात.

आता पुन्हा नऊच्या शाळेकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप हवी, दुपारची धरून, आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा नियमित हव्यात. साडेसातला उठणारं मूल रात्री नऊला झोपलं आणि दुपारी तासभर झोपलं, तर साडेअकरा तास होतात. अकराला झोपलं तर साडेनऊ. शाळा पुढे सरकली म्हणून ते दोन तास परत येत नाहीत.

“उशिरा झोपेल तर उशिरा उठेल” हेही रोज घडत नाही. खिडकीतून उजेड येतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, आणि मुख्य म्हणजे आतलं घड्याळ नेहमीच्या वेळेला जागं करतं. सतरा देशांतल्या तीन वर्षांखालच्या मुलांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडमध्ये झोपण्याची सरासरी वेळ संध्याकाळी ७.२७ होती, हाँगकाँगमध्ये रात्री १०.१७. एकूण पाहता आशियातली मुलं उशिरा झोपत होती आणि कमीही झोपत होती. उशिराची भरपाई सकाळी झालेली नव्हती.

“आमच्या घरी सगळेच उशिरा जेवतात, मूल काय वेगळं?” या प्रश्नामागे खरी अडचण असते. साडेनऊला बदलापूरला उतरणाऱ्या बापाला लेकराशी दोन शब्द बोलायचे असतात, आणि ती ओढ क्षुल्लक नाही. पण ती भेट सकाळी होऊ शकते: आंघोळ, दूध, शाळेपर्यंतची सोबत. ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक मुलांच्या तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या वर्षांतल्या झोपेच्या वेळा तपासल्या गेल्या. अनियमित वेळेला झोपणाऱ्यांत वर्तनाच्या तक्रारी जास्त होत्या. आणि दिलासा असा, की वेळ नियमित झालेल्या मुलांच्या तक्रारी कमी झाल्या. २०१३ च्या ‘पीडियाट्रिक्स’मधला हा अभ्यास प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवा.

वेळ ठरवायची तर आधी सकाळची ठरवावी, रविवारीही तीच. मग रात्रीची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मागे आणावी. निजण्याआधी रोज त्याच क्रमाने तीच तीन-चार कामं करावीत: हातपाय धुणं, दात घासणं, एक गोष्ट, थोपटणं. दिवा मंद हवा, ही हौस नव्हे. कोलोरॅडोच्याच २०१८ च्या प्रयोगात निजण्याआधी तासभर प्रखर उजेडात बसवलेल्या मुलांचं मेलाटोनिन जवळपास ८८ टक्के दबलं, आणि उजेड गेल्यावर पन्नास मिनिटांनीही पूर्ववत झालं नाही. डोक्यावर ट्यूबलाइट आणि हातात मोबाइल घेऊन बसलेल्या मुलाला “झोप आता” म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

बाकीचे समज थोडक्यात. स्वतंत्र खोली नसेल तर शिस्त लागत नाही, असं नाही. आईच्या कुशीत झोपणाऱ्या मुलालाही ठरलेली वेळ आणि ठरलेला क्रम तितकाच उपयोगी पडतो. तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवल्याने झोपेपेक्षा दात किडण्याचीच खात्री जास्त. सर्दी-खोकल्याचं औषध ‘गुंगीसाठी’ देणं धोक्याचं आहे; क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्यास भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं आहे. मेलाटोनिनच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आणि “घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय” हा समज तर आजच सोडावा. आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं किंवा झोपेत मध्येच श्वास अडकणारं मूल वेळेवर निजूनही थकलेलंच उठतं. वाढलेले टॉन्सिल किंवा अॅडेनॉइड हे त्याचं नेहमीचं कारण. त्याच्या झोपेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवला, तर पुढची तपासणी लवकर सुरू होते.