भूमी आणि लेखणी (लेखांक ५) : एक प्रदेश, दोन लेखक

मागच्या लेखांकात आपण इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावी होतो. गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकानं आयुष्याचा बहुतेक काळ त्या एका गावात काढला आणि तिथल्या पाखरांविषयी, ऋतूंविषयी लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक १७८९ साली काढलं. त्यावर शंका येते ती अशी, की हे पुस्तक गावानं घडवलं की व्हाइटच्या स्वभावानं? याचा उलगडा करायचा तर प्रदेश एक हवा आणि लेखक दोन. अशी जोडी मराठीत आहे. प्रदेश पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा, लेखक मारुती चितमपल्ली आणि व्यंकटेश माडगूळकर.

आधी प्रदेश पाहू. नवेगावबांध आणि नागझिरा ही जंगलं जुन्या भंडारा जिल्ह्यातली. १९९९ साली त्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. इथलं रान पानगळीचं. साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह आणि मधूनमधून बांबूची बेटं. पाऊस भरपूर, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळून जातो. हिवाळा सरला की नाले आटतात, पानं झडतात, आणि पावसाळ्यात दहा पावलांपलीकडचं दिसू न देणारं रान उन्हाळ्यात दूरवर उघडं पडतं. पाणी मोजक्या जागी उरतं. जनावरं तिथं येतात, म्हणून बघणारा माणूसही तिथंच जाऊन बसतो. या प्रदेशात लेखकाची जागा पाण्यानं ठरवली आहे.

आता हे पाणी सगळं निसर्गाचं नाही. धानाला पाणी हवं, म्हणून इथल्या कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या मातीची पाळ घालून ओढ्यांचं पाणी अडवलं आणि तलाव उभे केले. नवेगावचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. भोवती डोंगर, मध्ये पाणी, पाण्यावर ढिवरांची मासेमारी, खाली धानाची बांधी आणि हिवाळ्यात उत्तरेकडून उतरणारी बदकं. शेतीसाठी माणसानं घातलेल्या पाळीमुळे पाखरांना मुक्काम मिळाला. १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं, त्याआधी कितीतरी वर्षं हा व्यवहार चालू होता.

या भूमीत चितमपल्ली आले ते वनाधिकारी म्हणून. जन्म १९३२ सालचा, सोलापूरचा. कोइमतूरला वनशिक्षण, मग वनखात्यात उभी हयात. बदलीनं आलेला अधिकारी वर्षाचे बाराही महिने जंगलात असतो. मोहाची फुलं पडतात तेव्हा अस्वलं कुठे येतात, ती फुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा कोण पेटवतं आणि वणवा कसा लागतो, हे त्याला नोकरीपोटीच माहीत असावं लागतं. आणि माहीत नसेल तर विचारावं लागतं. चितमपल्लींनी विचारलं. ढिवरांना, गोंडांना, रानात जन्म काढलेल्या म्हाताऱ्यांना. नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्याचा सहवास त्यांना लाभला.

त्यांच्या लेखनाचा घाट इथून आला. तलावाकाठी सुरू झालेला लेख एखाद्या पाखरावरून ढिवराच्या अनुभवावर जातो, तिथून एखाद्या लोकसमजुतीवर आणि मग संस्कृत ग्रंथावर. हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्रा’चा मराठी अनुवाद आणि पाखरांची नावं गोळा करणारा ‘पक्षिकोश’ ही कामं एकाच सवयीची फळं आहेत. तलावात जसे चहूबाजूंचे ओढे येऊन मिळतात तसं हे गद्य आहे. त्याचा दोषही त्यातच. प्रत्यक्ष पाहिलेलं आणि ऐकलेलं कधी कधी शेजारी शेजारी बसतं, आणि कोणतं कुठलं हे वाचकाला स्वतः वेगळं करावं लागतं. जीवशास्त्राची माहिती म्हणून वाचताना हे भान सोडून चालत नाही.

माडगूळकर मात्र पाहुणे होते. पुण्यात आकाशवाणीची नोकरी, मुक्काम शहरात, जंगल सवड काढून. जन्म १९२७ सालचा, माडगूळचा. माणदेशातल्या उघड्या माळानं त्यांची नजर घडवली होती. तिथं झाडोरा कमी, त्यामुळे एक मेंढरू, एक माणूस, एक बाभळ स्पष्ट दिसते. ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीतली काटकसर त्या माळाची आहे. पुढे शिकारीचा नाद सुटला आणि निरखण्याचा लागला. शिवाय हातात चित्रकला होती.

‘नागझिरा’ हे पुस्तक या तिन्ही गोष्टींतून झालं. पाहुण्याजवळ वेळ थोडा असतो, म्हणून तो एका जागी बसून राहतो. आलेलं जनावर कसं चालतं, कुठे थबकतं, कान कुठे वळवतं, हे टिपतो. माडगूळकरांची वाक्यं तोकडी असतात आणि त्यांत ऐकीव गोष्टींना फार थारा नसतो. माणदेशी माळावर शिकलेली नजर त्यांनी विदर्भाच्या जंगलात नेली. तिथल्या दिवसांच्या हिशेबानं पुस्तकाला रोजनिशीचा घाट मिळाला. निरखण्याची हीच शिस्त वानरांच्या टोळ्यांतल्या सत्तेच्या झगड्यावर लिहिलेल्या ‘सत्तांतर’मध्ये दिसते. त्या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. पाहुण्याला जंगल दिसतं, जंगलाशेजारच्या गावाचा संसार मात्र फारसा दिसत नाही.

दोघांत एक साम्य आहे, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं. दोघेही कमी पावसाच्या मुलखातून आले, एक सोलापुरातून, दुसरा माणदेशातून. घनदाट रान हे त्यांचं घर नव्हतं. रानात जन्मलेल्याला जे रोजचं म्हणून सांगण्याजोगं वाटत नाही, ते या दोघांना नवं होतं, म्हणून लिहावंसं वाटलं. जागा सुंदर असली म्हणजे निसर्गलेखन होतं, हा समज यासाठी सोडून द्यायला हवा. सुंदर जागेवर वर्णनं पुष्कळ लिहिली जातात आणि विसरली जातात. टिकणारं लेखन व्हायला लेखक तिथं थोडा परका असावा लागतो, आणि परकेपणा मावळेपर्यंत थांबण्याची त्याची तयारी लागते. किती थांबायचं आणि कुठे बसायचं हे भूमी ठरवते. विचारायचं की नुसतं बघायचं, हे लेखकाचा स्वभाव ठरवतो. सुरुवातीच्या शंकेचं उत्तर असं दोघांत वाटलेलं आहे.

चितमपल्ली २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. माडगूळकर २००१ सालीच गेले होते. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ साली व्याघ्रप्रकल्प झाला.

पुढच्या लेखांकात दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’कडे वळू. तिथं भूमीपेक्षा महिना मोठा आहे. तोवर वाचकांनी एक करावं. ‘नागझिरा’ आणि चितमपल्लींचं ‘नवेगावबांधचे दिवस’ ही पुस्तकं लागोपाठ वाचावीत, आणि प्रत्येक प्रकरणाच्या समासात एवढंच लिहावं : हे लेखकानं पाहिलं, की कुणाकडून ऐकलं?