सवलत की साखळी?

जास्त माल घ्या, भाव कमी पडेल, हा बाजाराचा जुना नियम. त्यात गैर ते काय, असे वाणिज्य शाखेचे विद्यार्थी मला विचारतात. उत्तरादाखल मी संगणकाच्या धंद्यातील एक हिशेब फळ्यावर मांडतो.

संगणकाचा मेंदू म्हणजे चिप. या धंद्यात इंटेल मोठी, तर एएमडी तिची धाकटी प्रतिस्पर्धी. समजा, एका संगणक-उत्पादकाला १०० चिप्स हव्या आहेत. मोठ्या कंपनीचा भाव नगास १,००० रुपये. पण सर्व १०० तिच्याकडूनच घेतल्यास संपूर्ण मालावर दहा टक्के सूट. म्हणजे खर्च ९०,००० रुपये. आता त्याने १० चिप्स धाकटीकडून घ्यायचे ठरवले, तर सूट जाते आणि उरलेल्या ९० नगांनाच ९०,००० रुपये पडतात. धाकटीने आपल्या १० चिप्स फुकट दिल्या, तरच त्याचा तोटा टळेल! मग सगळ्याच तिच्याकडून का घेऊ नयेत? कारण तेवढा माल पुरवण्याची तिची कुवत नसते आणि गिऱ्हाइकेही मोठे नाव मागतात.

हे केवळ कागदी गणित नव्हे. एएमडीने एका उत्पादकाला दहा लाख चिप्स फुकट देऊ केल्या, तेव्हा सूट गमावण्याच्या भीतीने त्याने केवळ १,६०,००० घेतल्या, असे युरोपीय आयोगाने २००९ मध्ये नमूद केले आणि इंटेलला १०६ कोटी युरो दंड ठोठावला. डेल कंपनी २००६ पर्यंत फक्त इंटेलच्याच चिप्स वापरत असे. अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०१० मध्ये केलेल्या आरोपानुसार, २००६ च्या एका तिमाहीत डेलच्या व्यवसायातील नफ्याच्या ७६ टक्के इतकी रक्कम इंटेलकडून आली होती. नफ्याची किल्लीच पुरवठादाराच्या हाती असल्यावर निवडीचे स्वातंत्र्य कुठले?

तथापि दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. इतकाच कार्यक्षम प्रतिस्पर्धी या सवलतींमुळे बाजाराबाहेर फेकला जाऊ शकतो, हे आयोगाने पुरेसे सिद्ध केले नाही, असे म्हणून युरोपीय न्यायालयाने २०२२ मध्ये तो दंड रद्द केला. वरिष्ठ न्यायालयानेही २०२४ मध्ये तो निकाल कायम केला.

तेव्हा सवलत दिसली की बोट दाखवू नये; आधी तिची अट वाचावी. सूट जादा घेतलेल्या नगांपुरती आहे, की ‘दुसऱ्याच्या दारी गेलात तर सगळीच जाईल’ अशी आहे? सवलत आणि साखळी यांतला भेद माझ्या मते त्या एका अटीत आहे.