इंग्रजी नामवाक्यातील सर्वनाम

‘तो म्हणाला की, मी येईन’ या मिश्रवाक्यात ‘मी येईन’ हे नामवाक्य ‘म्हणाला’ या क्रियापदाचे कर्म होय. मराठीत येथे मूळ वक्त्याचे सर्वनाम व काळ सहसा कायम राहतात. इंग्रजीत मात्र ‘दॅट’ने आरंभ होणाऱ्या नामवाक्यात सर्वनाम निवेदकाच्या दृष्टीने बदलते, प्रधान क्रियापद भूतकाळी असल्यास गौण क्रियापदही बहुधा भूतरूप घेते : ‘ही सेड दॅट ही वुड कम’. ‘ही सेड दॅट आय विल कम’ असे शब्दशः भाषांतर केल्यास येणारा निवेदकच ठरतो. प्रबंधात ‘टीकाकार म्हणतो की, मला हे मान्य नाही’ याचे भाषांतर असेच केले, तर टीकाकाराची असहमती प्रबंधकाराच्या नावे जमा होते. यास्तव ‘की’पुढील ‘मी’ कोण, हे प्रथम निश्चित करावे.