ऑलिम्पिकची मुळे गावकुसात

परभणीची धावपटू ज्योती गवते २०१७ मध्ये मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात पहिली आली. अशी बातमी आली की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग आता ऑलिम्पिकला कधी? प्रश्नामागे आपुलकी असते, पण त्याच्या पोटात काही गैरसमजही असतात. देशात पहिला आला की ऑलिम्पिकचे दार उघडते, हा एक. आपल्याकडचे कोणी गेले नाही म्हणजे वशिला कमी पडला, हा दुसरा. आणि या दोन्हींच्या मुळाशी तिसरा: ऑलिम्पिक, आशियाई, राष्ट्रकुल या स्पर्धा दूरच्या राजधान्यांत बड्या लोकांनी आखल्या, जिंतूर-गंगाखेडच्या मैदानाशी त्यांचा काय संबंध? हा तिसरा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो पोरांना घराबाहेर पडण्याआधीच थांबवतो. इतिहास मात्र नेमका उलटा आहे.

‘देशात पहिला, म्हणजे ऑलिम्पिकला पक्का’

ऑलिम्पिकला संघ पाठवते देशाची ऑलिम्पिक संघटना. पण ॲथलेटिक्समध्ये कोण पात्र, हे जागतिक संघटनेने ठरवलेली वेळ आणि जागतिक क्रमवारी सांगते. महिलांच्या मॅरेथॉनचेच पाहा. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकसाठी पात्रतेची वेळ २ तास ४५ मिनिटे होती. तेव्हा ओ. पी. जैशा आणि नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अशा दोन भारतीय महिला धावल्या. टोकियोसाठी हीच वेळ २:२९:३० झाली आणि पॅरिससाठी २:२६:५०. जैशाने २०१५ मध्ये बीजिंगला राष्ट्रीय विक्रम केला तो २:३४:४३ चा. म्हणजे तो विक्रम पुन्हा धावून दाखवला तरी पॅरिसची वेळ जवळपास आठ मिनिटे लांब राहते. रिओच्या शर्यतीत दीडशेहून अधिक महिला होत्या. पुढे ही संख्या ८० वर आणली गेली, उरलेल्या जागा क्रमवारीने भरू लागल्या आणि उंबरठा एकदम उंच झाला. इथे वशिल्याचा प्रश्नच येत नाही. घड्याळ कोणाची ओळख मानत नाही.

आणखी एक गोष्ट मुलींच्या पालकांनी ध्यानात घ्यावी. महिलांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये आली ती थेट १९८४ साली, लॉस एंजेलिसला. १९२८ मध्ये महिलांना ८०० मीटर धावू दिले, पण शेवटी काहीजणी थकून खाली बसल्याचा गवगवा झाला आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. बायकांना लांब पल्ला झेपत नाही, ही समजूत एकट्या मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्यांची नव्हती. युरोपातल्या शिकल्यासवरल्या पुरुषांनी ती नियमात लिहून ठेवली होती.

पात्रतेची वेळ गाठणारेही आपल्याकडे आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर धावण्याकडे वळला. पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेसची पात्रता वेळ ८ मिनिटे १५ सेकंद होती. त्याने त्याच वर्षी ८:०९.९१ ची नोंद केली आणि पॅरिसच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला. त्या शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

‘ऑलिम्पिक ग्रीसमधून जसेच्या तसे आले’

प्राचीन ऑलिंपियातल्या खेळांची परंपरेने मानलेली सुरुवात इ. स. पूर्व ७७६ ची. सुरुवातीला एकच शर्यत असे, सुमारे १९२ मीटरची. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस ते खेळ थांबले आणि मग जवळपास पंधराशे वर्षे काही नाही. आज ज्या गोष्टी आपण प्राचीन समजतो त्यातल्या बऱ्याच कालपरवाच्या आहेत. मॅरेथॉन तिथे कधीच नव्हती. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ती १८९६ मध्ये घेतली. पाच कड्यांचे चिन्ह १९१३ चे. ऑलिंपियाहून मशाल घेऊन धावत येणे सुरू झाले १९३६ च्या बर्लिनमध्ये, हिटलरच्या राजवटीत. १८९६ ला तर पहिल्या आलेल्याला सुवर्णपदकही नव्हते, रौप्यपदक आणि ऑलिव्हची फांदी मिळे.

नव्या ऑलिम्पिकचे श्रेय पिएर द कुबर्तँ या फ्रेंच सरदाराला दिले जाते आणि १८९४ ची पॅरिसची परिषद त्यानेच भरवली, हे खरे. पण त्याच्या आधी इंग्लंडमध्ये मच वेनलॉक नावाच्या छोट्याशा गावात विल्यम पेनी ब्रूक्स हा डॉक्टर १८५० पासून दरवर्षी ‘ऑलिम्पियन’ खेळ भरवत होता. गावातल्या मजुरांची तब्येत सुधारावी, हा त्याचा हेतू. तिथे धावणे, उड्या मारणे होतेच, शिवाय डोळे बांधून ढकलगाडीची शर्यत आणि म्हाताऱ्या बायकांची पाउंडभर चहाच्या बक्षिसासाठी पळापळही होती. आपल्या उरुसात कुस्त्यांचा फड आणि लहान पोरांच्या शर्यती एकाच मैदानात उरकतात, तसाच तो थाट. अथेन्समध्ये एव्हांगेलोस झापास या व्यापाऱ्याच्या पैशातून १८५९ मध्ये असेच खेळ झाले होते. कुबर्तँ १८९० मध्ये वेनलॉकला जाऊन ब्रूक्सला भेटला. अथेन्सचे पहिले ऑलिम्पिक भरण्याच्या चारेक महिने आधी ब्रूक्स वारला.

‘भारत ऑलिम्पिकला गेला तो हॉकीपासून’

हॉकीचे पहिले सुवर्ण १९२८ च्या ॲम्स्टरडॅमचे. भारताचा पहिला संघ त्याच्या आठ वर्षे आधी अँटवर्पला गेला होता आणि तो निघाला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरून. (त्याही आधी १९०० मध्ये पॅरिसला कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदके मिळवली. ती भारताच्या नावे मांडली जातात, पण तो एकटा गेला होता, संघ नव्हता.)

१९०६ मध्ये स्थापन झालेल्या जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत आसपासच्या खेड्यांतले शेतकरी अनवाणी धावायचे. तंत्र ठाऊक नाही, शिक्षक नाही, पण टाटांनी पाहिले की यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नाहीत. नेमक्या वेळेचे भान आयोजकांनाही नव्हते. पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात टाटांनी एक आठवण सांगितली आहे. शंभर यार्डांच्या शर्यतीला पात्रतेची वेळ किती असावी, असे समितीतल्या एका जाणत्या सभासदाला विचारले, तर अर्धा मिनिट ते एक मिनिट, असे उत्तर आले. इथे हिशेब सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो हे ऐकून ते थक्क झाले. पात्रतेच्या वेळेबद्दलचे आपले आजचे गोंधळ पाहिले की ही आठवण मला फार जवळची वाटते.

वर्गणी गोळा झाली, टाटांनी स्वतःच्या खिशातूनही पैसे घातले. १९२० च्या संघात पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी हे धावपटू आणि कुमार नवले, रणधीर शिंदे हे पैलवान होते. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. बेळगावच्या चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि ते एकोणिसावे आले. शिंदे कुस्तीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. पुण्याच्या मैदानावर काय घडते आहे याची वार्ता गोदाकाठी पोचायला आजच्यासारखी सोय नव्हती. भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी राहिली त्यानंतर सात वर्षांनी, १९२७ मध्ये. आधी धावणारे निघाले, मागून कार्यालय आले.

खाशाबा जाधवांचीही गोष्ट याच वळणाची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा ‘ऑलिम्पिक पदक मिळवणारे पहिले भारतीय’ असे सरसकट लिहिले जाते. नेमके सांगायचे तर ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते. १९४८ च्या लंडनला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७,००० रुपयांना गहाण टाकले. तिथे जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला उभे केले गेले. मध्ये विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी आखाड्याशेजारी नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदक पदरात पडले. गावी परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळांनी पदकाबरोबर त्या गहाण घराचीही गोष्ट मुलांना सांगावी, असे मला मनापासून वाटते.

‘आशियाई स्पर्धा म्हणजे ऑलिम्पिकची नक्कल’

आशियात असे खेळ १९१३ मध्ये मनिलात सुरू झाले होते, फक्त पूर्वेकडच्या देशांचे. १९३४ मध्ये दिल्ली आणि पतियाळात पश्चिम आशियाई खेळ झाले. त्यामागची धडपड क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधींची. १९४८ मध्ये लंडनला जमलेल्या आशियाई प्रतिनिधींपुढे सगळ्या खंडाची मिळून एक स्पर्धा हवी, हा विचारही त्यांनीच मांडला. १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीत अकरा देश जमले. बरेचसे त्यातले नुकतेच स्वतंत्र झालेले. परक्याच्या झेंड्याखाली नव्हे, आपापल्या झेंड्याखाली एकमेकांना भेटण्याची ती गरज होती.

‘पॅरालिम्पिक सहानुभूतीपोटी सुरू झाले’

२९ जुलै १९४८. लंडनमध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन होत होते, त्याच दिवशी स्टोक मँडेविल रुग्णालयाच्या हिरवळीवर कण्याला इजा झालेले सोळा माजी सैनिक व्हीलचेअरवरून तिरंदाजी करत होते. डॉ. लुडविग गुटमन यांनी खेळ हा उपचाराचाच भाग मानला होता. रुग्ण पुन्हा स्वतःच्या बळावर जगावा, ही त्यांची अट होती. १९६० ला रोममध्ये त्याचे पॅरालिम्पिक झाले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पन्नास मीटर जलतरणात पहिले आले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या उद्घाटनात भारतीय पथकाचा तिरंगा ज्या दोघांच्या हाती होता, त्यातली एक आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातली गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव.

‘कबड्डी ऑलिम्पिकमध्ये होती, मग काढून टाकली’

हा गैरसमज आपल्याकडे फार पक्का आहे. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला गेला होता. मंडळ १९१४ चे, वैद्य बंधूंनी उभे केलेले. कबड्डी, मल्लखांब आणि इतर देशी व्यायामप्रकार त्यांनी तिथे करून दाखवले आणि लोकांनी वाहवा केली. पण ते ऑलिम्पिकचे अधिकृत प्रदर्शनीय खेळ नव्हते. पदके नव्हती, त्यामुळे काढून टाकण्याचाही प्रश्न नाही.

मग कबड्डी का नाही? ऑलिम्पिकच्या जुन्या नियमानुसार पुरुषांचा खेळ किमान चार खंडांतल्या ७५ देशांत सर्रास खेळला जायला हवा होता, महिलांचा तीन खंडांतल्या ४० देशांत. २०१४ नंतर यजमान शहराला आपल्या पसंतीचे खेळ सुचवता येतात. लॉस एंजेलिस २०२८ ला क्रिकेट आले ते याच वाटेने. भारताने २०३६ च्या यजमानपदासाठी इच्छापत्र दिले आहे, म्हणून आशा ठेवायला जागा आहे. मात्र तेवढ्यावर भागणार नाही. बुवा साळवींसारख्या संघटकांनी आयुष्य वेचल्यावर कबड्डी १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाली. महिलांची २०१० मध्ये. तिथे ती मॅटवर, बूट घालून खेळतात. मानवत-सेलूकडच्या काळ्या मातीत अनवाणी घडलेल्या पोराला पायाची पकड पुन्हा नव्याने शिकावी लागते. जिल्ह्यातल्या मैदानांना आज सगळ्यात आधी काय हवे असेल तर ते मॅट.

२०१८ मध्ये जकार्ताला भारताचे पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून हरले, महिला अंतिम फेरीत इराणकडूनच. आपल्याकडे त्या पराभवांचा शोक झाला. मला मात्र वाटते की एकच देश जिंकत राहिला असता तर हा खेळ आशियाबाहेर गेलाच नसता. पाच वर्षांनी हांगझोला दोन्ही सुवर्णे भारताने परत आणली, पुरुषांचे इराणलाच हरवून.