सामाईक वाडी आणि संगणकाची मेमरी

तलासरी भागातल्या एका शाळेत आम्ही संगणकाच्या खोलीत बसलो होतो. संगणक जुने, मेमरी प्रत्येकी 2 जीबी. तीन-चार प्रोग्राम एकदम उघडले की काम रेंगाळायचे. सर म्हणाले, "हे आता बदलायलाच हवेत. सगळ्या प्रोग्रामांच्या मेमरीची बेरीज 2 जीबीच्या वर जाते." तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग दोनमध्ये दोनपेक्षा जास्त मावले कसे?"

प्रश्न अगदी मोलाचा होता. उत्तरासाठी जरा डहाणूच्या चिकूच्या वाडीत जाऊ. समजा, चार भाऊ आहेत. प्रत्येकाची स्वतःची 4 एकर वाडी आणि चौघांची मिळून सामाईक 6 एकर. "तुमची वाडी किती?" असे विचारले तर प्रत्येक जण 10 एकर सांगेल. कोणीच खोटे बोलत नाही. पण बेरीज येते 40 एकर आणि जमीन असते 22 एकर! सामाईक वाडी आपण चार वेळा मोजली.

संगणकातही असेच होते. पडद्यावर अक्षरे काढणे, फाइल उघडणे ही कामे अनेक प्रोग्रामांना लागतात. त्यासाठीच्या सूचनांची एकच प्रत मेमरीत ठेवून ती सर्वांना वापरू दिली जाते. लिनक्सवर 'टॉप' ही आज्ञा दिली की 'रेस' या रकान्यात प्रोग्रामची प्रत्यक्ष मेमरीत असलेली जागा दिसते; पण तीत सामाईक भागही पूर्ण धरलेला असतो. शेजारच्या 'व्हर्ट' रकान्यातला आकडा तर आणखी मोठा. तो म्हणजे सातबारावरची सगळी जमीन, तीतली बरीचशी अजून लागवडीखाली आलेलीच नसते.

मग मोजायचे कसे? 2008 साली लिनक्सच्या 2.6.25 या आवृत्तीत 'पीएसएस', म्हणजे प्रमाणशीर वाटा, हे माप आले. सामाईक जागेला ती वापरणाऱ्यांच्या संख्येने भागायचे. समजा, चार प्रोग्राम प्रत्येकी 100 एमबी दाखवतात. त्यात 40 स्वतःचे, 60 चौघांचे सामाईक. प्रत्येकाचा वाटा 40 + 15 = 55. चौघांचे मिळून 220 एमबी, 400 नव्हे.

आता एक प्रोग्राम बंद केला तर किती जागा सुटेल? 100 नाही आणि 55 सुद्धा नाही. फक्त 40! सामाईक 60 एमबी उरलेल्या तिघांना लागतातच. त्यांचा वाटा मात्र 15 वरून 20 होतो. म्हणजे 'किती मेमरी लागते?' याला एकच उत्तर नाही. आपण कशासाठी मोजतो आहोत, ते आधी ठरवावे लागते. 'स्मेम' हा छोटा प्रोग्राम बसवला तर तिन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसतात.

आणखी एक गैरसमज असतो. 'फ्री' ही आज्ञा दिली की मोकळी मेमरी अगदी थोडी दिसते आणि आपण घाबरतो. खरे तर रिकाम्या जागेत लिनक्स नुकत्याच वाचलेल्या फाइलींच्या प्रती ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडते. म्हणून 'अव्हेलेबल' हा रकाना पाहावा. 'व्हीएमस्टॅट 1' या आज्ञेनंतर 'एसआय' आणि 'एसओ' या रकान्यांत सतत मोठे आकडे येत असतील, तर मेमरीतला मजकूर डिस्कवर ने-आण होतो आहे. ती खरी टंचाई.

त्या शाळेत मुलांनीच हे आकडे वहीत उतरवले. सर्वांत मोठा वाटा ब्राउझरमध्ये उघड्या राहिलेल्या पानांचा निघाला. ती बंद केल्यावर ने-आण थांबली आणि लेखनाचा प्रोग्राम नीट चालू लागला. संगणक काही नवे झाले नाहीत. पण अनुदानाची वाट पाहत ते झाकून ठेवण्याची वेळही आली नाही.

तुमच्या वर्गात एवढे करून पाहा: संगणक सुरू केल्यावर एखादा मोठा प्रोग्राम उघडायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. बंद करा, पुन्हा उघडा. दुसऱ्यांदा वेळ कमी का लागला, हे मुलांनाच सांगू द्या.