नागराजाचे घरटे

सर्प हा प्राणी आपल्या मनात दोन परस्परविरोधी भावना जागृत करतो. श्रावणातल्या पंचमीस ज्याचे चित्र पाटावर रेखून आपण गंधफूल वाहतो, तोच दुसऱ्या दिवशी अंगणात दिसला तर त्याच्या पाठीवर काठी पडते. भक्ती आणि भीती यांत अंतर पुष्कळ आहे. परंतु या दोहोंतही आपण त्या प्राण्याकडे नीट पाहत नाही, एवढे मात्र समान आहे. ते पाहण्याचे काम शास्त्रज्ञांनी अंगावर घेतले. आपल्या सह्याद्रीच्याच रानात झालेल्या अशा एका अभ्यासाची ओळख विद्यार्थिमित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा अभ्यास नागराजाचा, म्हणजे किंग कोब्राचा. विषारी सर्पांत याच्याइतका लांब सर्प जगात दुसरा नाही. तो सामान्यतः दहा ते तेरा फूट भरतो आणि क्वचित सोळा फुटांच्याही पुढे जातो. नाव नागराज असले तरी तो आपल्या नेहमीच्या नागाच्या प्रजातीतला नव्हे. शास्त्रज्ञांनी त्याला ऑफिओफॅगस असे ग्रीक नाव दिले आहे आणि त्याचा अर्थ ‘सर्पभक्षक’ असा होतो. ते यथार्थच आहे, कारण धामण, नाग, चापडा असे इतर सर्प हेच त्याचे मुख्य अन्न होय. गोव्यातील सत्तरी-काणकोणच्या रानांपासून दक्षिणेकडे केरळपर्यंत पश्चिम घाटात त्याचा वास आहे.

कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात आगुंबे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. म्हणजे ते पाणी साचून राहिले असते तर दुमजली घराएवढे उंच झाले असते! रोम्युलस व्हिटेकर या सर्पतज्ज्ञांनी २००५ साली येथे एक संशोधन केंद्र स्थापन केले. नागराज दिवसभर कोठे जातो, काय खातो, रात्री कोठे विसावतो, हे कोणास ठाऊक नव्हते. कारण दाट रानात सर्पाचा पाठलाग करणार कसा? २००८ साली त्यावर उपाय योजण्यात आला. नागराजास भूल देऊन त्याच्या शरीरात एक चिमुकले ध्वनिक्षेपक यंत्र शस्त्रक्रियेने बसवायचे, जखम भरली की त्याला सोडून द्यायचे आणि त्या यंत्राचे संकेत ग्राहकयंत्रावर ऐकत पहाटेपासून सायंकाळपर्यंत त्याच्या मागे चालायचे, अशी ती पद्धत होती. जळवा, चिखल आणि मुसळधार पाऊस यांना न जुमानता तरुण संशोधकांनी हे काम केले.

या परिश्रमांतून नागराजाचा संसार हळूहळू उलगडला. मीलनकाळी दोन नर समोरासमोर येतात तेव्हा ते एकमेकांस दंश करीत नाहीत. अंगे पिळून, मान उंचावून ते प्रतिस्पर्ध्याचे डोके जमिनीला टेकविण्याचा यत्न करतात. ज्याचे डोके टेकले, तो निमूटपणे निघून जातो. मात्र हाच प्राणी कधी कधी स्वजातीय मादीस मारून गिळतो, असेही अभ्यासकांना आढळले. निसर्गात आपल्या नीतिकथा शोधू नयेत, हेच खरे.

परंतु सर्वांत नवल वाटते ते मादीचे. पाने गोळा करून अंड्यांसाठी घरटे रचणारा सर्प नागराजाखेरीज दुसरा नाही. हात नाहीत, पाय नाहीत, चोच नाही, तरीही ती आपल्या देहाचा विळखा टाकून सुकी पाने ओढीत आणते आणि त्यांचा ढीग रचते. त्यात वीस ते चाळीस अंडी घालून ती वर पहारा करीत राहते. आगुंब्याच्या पावसातही पानांच्या त्या घट्ट थरांखाली अंडी कोरडी राहतात. दोन-तीन महिन्यांनी पिले बाहेर पडण्याच्या सुमारास ती घरटे सोडून जाते. सर्पभक्षक मातेने आपलीच पिले खाऊ नयेत म्हणून निसर्गाने ही योजना केली असावी, असा तर्क आहे.

या अभ्यासाने एका लोकप्रिय समजुतीलाही धक्का दिला. घराजवळ आलेला नागराज पकडून दूरच्या रानात सोडला की त्याचे कल्याण झाले, असे आपण मानतो. आगुंब्यास दूर नेऊन सोडलेला नागराज मात्र परक्या प्रदेशात भटकत राहिला. स्थानिक नागराजापेक्षा त्याची वणवण कितीतरी अधिक झाली. मुळात तो घराजवळ येतो कशासाठी? आपल्या धान्यासाठी उंदीर येतात, उंदरांसाठी धामण व नाग येतात आणि त्यांच्यासाठी नागराज येतो. ही साखळी आपल्याच कोठारापासून सुरू होते.

२०२४ साली आणखी एक गोष्ट उघडकीस आली. १८३६ पासून एकच मानलेली ही जाती वस्तुतः चार जातींची आहे, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पश्चिम घाटातील जातीस त्यांनी ‘काळिंग’ या तेथील कानडी नावावरून नाव दिले. खेड्यातील माणसाचा शब्द अशा रीतीने जगाच्या शास्त्रग्रंथांत गेला.

या ज्ञानाचा आपणास उपयोग काय, असे कोणी विचारील. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे मृत्यू पावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती, म्हणजे तुमच्याच वयाची किंवा तुमच्याहूनही लहान. हे मृत्यू नागराजामुळे नव्हेत. तो माणसाला क्वचितच दंश करतो. ते बहुतांशी नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या दंशाने होतात. या चौघांच्या विषावर घोड्याच्या रक्तापासून केलेली लस आपल्याकडे उपलब्ध आहे. असे असता माणसे मरतात, कारण मंत्र, मुळी आणि मांत्रिक यांत मोलाचा वेळ जातो. म्हणून हे घरी अवश्य सांगा: दंश झालेल्या माणसाला धीर द्यावा, तो अवयव हलू देऊ नये, जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये, सर्प पकडण्याच्या नादी न लागता थेट इस्पितळ गाठावे. पावसाळ्यात अंधारात बत्तीवाचून पाऊल टाकू नये. जमिनीवर निजण्याऐवजी खाटेवर मच्छरदाणी खोचून निजावे, कारण मण्यार रात्री येते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही.

महाभारतात जनमेजयाने पित्याच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी सर्पसत्र मांडले आणि आस्तिक ऋषीने ते थांबविले. आस्तिकाची माता नागकन्या होती आणि पिता मानव. दोन्ही कुळे त्याला आपली वाटत होती. रानात भिजत सर्पाच्या मागे चालणारे संशोधक आज तेच कार्य करीत आहेत. सर्पही वाचावा आणि माणसाचे मूलही वाचावे, या दोन इच्छांत विरोध नाही. त्या दोन्ही पूर्ण करणारी वस्तू एकच आहे आणि ती म्हणजे ज्ञान.