मुलाखतीत ‘तेव्हा तुम्ही काय केलं?’ असं विचारलं तर…

गुरुग्राम, नोएडातल्या कंपन्यांच्या मुलाखतींत ‘तुमचे गुण-दोष सांगा’ हा प्रश्न आता पुरेसा मानला जात नाही. त्याऐवजी विचारतात, ‘वरिष्ठांशी मतभेद झाल्याचा एक प्रसंग सांगा. तेव्हा तुम्ही नेमकं काय केलं?’ पाठ केलेली उत्तरं इथे उपयोगी पडत नाहीत. पण घाबरू नका, कारण या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आधीपासूनच असतं. फक्त ते शोधून नीट मांडावं लागतं.

जुनं का उकरतात?

‘राग आला तर काय कराल?’ या प्रश्नावर प्रत्येकजण ‘शांत राहीन’ असंच म्हणणार. पण मागच्या वेळी राग आला तेव्हा काय केलंत, यावरून पुढच्या वागण्याचा जास्त भरवशाचा अंदाज येतो. या विचाराची मुळं सैन्यात आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिक निवडीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांवरून माणसाची पारख करण्याची पद्धत १९५४ मध्ये मांडली.

आपल्याकडे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीतही उमेदवार आधी स्वतःच्या माहितीचा फॉर्म भरतो. शाळा, घर, खेळ, छंद, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या असं सगळं त्यात असतं आणि मुलाखतीतले बरेच प्रश्न त्यातूनच निघतात. अॅमेझॉनसारखी कंपनी तर उमेदवारांना उघडपणे सांगते, की आम्ही जुन्या प्रसंगांवर प्रश्न विचारू, तयारी करून या.

उत्तराच्या चार पायऱ्या

उत्तर या क्रमाने द्या : परिस्थिती काय होती, तुमची जबाबदारी कोणती होती, तुम्ही काय केलंत आणि निष्पन्न काय झालं. इंग्रजीत याला ‘स्टार’ पद्धत म्हणतात. पहिल्या दोन पायऱ्या दोन-तीन वाक्यांत उरका. जास्त वेळ तिसरीला द्या, कारण समोरच्याला तेच ऐकायचं असतं.

‘ती वर्षं वाया गेली’ असं म्हणू नका

यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीत राजेंद्र नगर, मुखर्जी नगरला येणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या मोठी आहे. यादीत नाव न आलेले अनेकजण मग खासगी नोकरीकडे वळतात आणि ‘मधली तीन-चार वर्षं काय केलं?’ या प्रश्नाला अडखळतात. ‘अभ्यास करत होतो’ एवढंच सांगून मान खाली घालतात. खरंतर सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

समजा, पूर्वपरीक्षेला दोन महिने असताना अभ्यासगटातले दोघे गावी परतले आणि चालू घडामोडींच्या नोट्स अडल्या. मग तुम्ही विषयांची नव्याने वाटणी केली, रोज रात्री नऊला अर्धा तास सर्वांना एकत्र बसवलं, गावी गेलेल्यांना फोनवर जमेल इतकं काम दिलं. परीक्षेच्या दहा दिवस आधी नोट्स पूर्ण झाल्या. अडचणीत काम पुढे कसं नेता, हे यातून कळतं. मग अंतिम यादीत नाव नव्हतं, हे सांगतानाही संकोच वाटत नाही.

मुलांसाठी किंवा आजारी सासूबाईंसाठी नोकरी सोडलेल्या स्त्रियांनाही हेच लागू आहे. औषधांच्या वेळा, विम्याची कागदपत्रं, दोन नातेवाइकांमधला वाद यातलं तुम्ही काय आणि कसं निभावलंत, ते नीट सांगा.

हे टाळा

* ‘आम्ही केलं’ असं सतत म्हणू नका. गटाचं श्रेय गटाला द्या, पण तुमचा वाटा ‘मी’ म्हणूनच सांगा.

* प्रसंग रचू नका. ‘किती दिवस लागले? विरोध कोणी केला? तुम्ही त्यांना काय म्हणालात?’ असे उपप्रश्न येतात आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत बनावट गोष्ट उघडी पडते.

* चूक विचारली तर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ अशी पळवाट काढू नका. खरी चूक सांगा आणि त्यानंतर काय बदललंत तेही सांगा.

* जुन्या साहेबांची किंवा सहकाऱ्यांची निंदा करू नका.

घरीच तयारी करा

एका वहीत सहा प्रसंग लिहा : मतभेद, चूक, अपुरा वेळ, पुढाकार, नवं शिकणं आणि कुणाला केलेली मदत. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत मोठ्याने सांगा. आई, भाऊ किंवा नवऱ्याला समोर बसवा आणि प्रत्येक गोष्टीवर तीन उलट प्रश्न विचारायला सांगा. घरच्यांना तुमचं सगळं ठाऊक असतं, त्यामुळे थोडी जरी अतिशयोक्ती झाली तरी ते लगेच टोकतील. शिवाय तुम्ही विसरलेला एखादा चांगला प्रसंगही तेच आठवून देतील.